फणसाखाली म्हैस जाईना

2022 चा जून. मृग लागून आठवडा झाला होता. संध्याकाळचे सात-साडेसात, पावसाची झड नुकती ओसरलेली. आई म्हैस आणायला परड्यात गेली आणि तिथूनच ओरडली, "अरे, ही बघ की, पाऊलच टाकंना."

म्हशीच्या वाटेवर आमचा फणस आहे. त्याच्या बुंध्याला अंग घासल्याशिवाय तिचा दिवस मावळत नाही. त्या दिवशी मात्र ती झाडापासून पंधरा पावलांवर पुढचे पाय रोवून उभी होती. आईनं दावं ओढलं, शेपटी पिरगळली. तिनं एक पाऊल पुढं टाकलं आणि झटक्यात मागं घेतलं. आईला वाटलं साप असेल. मी बॅटरी घेऊन गेलो. झाडाजवळ पोचणार तेवढ्यात वरून आवाज आला, तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा चर्र, थांबून थांबून. मान वर केली तर ओल्या पानांत निळसर ठिणगी पेटत-विझत होती. फणसाची शेंड्याची फांदी अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, तारेवर टेकली होती.

आणि गावातले सगळे दिवे चालू होते. मला भीती वाटली ती त्याचीच. आमची समजूत अशी, की झाड तारेला लागलं की फ्यूज उडतो, लाईट जाते, मग लाईनमन येतो. इथं लाईट जाईना आणि झाड तर तडतडतंय.

मी आईचा हात धरला आणि आम्ही दोघं मोठ्या ढांगा टाकत मागं पळालो. म्हैस आमच्या आधी पळाली. तसं पळायचं नसतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. वीज तक्रारीच्या 1912 वर फोन लावला, आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलेला पावरमनचा, म्हणजे लाईनमनचा, नंबरही लावला. वीसेक मिनिटांत सगळं गाव अंधारात गेलं आणि चर्र थांबलं.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. झाडं भरपूर, पाऊस त्याहून भरपूर. मी बेळगावला उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला. रोज जाऊन-येऊन करतो. तिथं मशीन उघडायची तर आधी मेन स्विच पाडून त्याला कुलूप घालायचं आणि चावी आपल्या खिशात ठेवायची, हा नियम अंगात मुरलेला. पुढं ते कामाला आलं.

सकाळी पावरमन आला तो सौंदत्तीकडचा. त्याचं मराठी कन्नडच्या चालीवर चालतं, पण आमच्याशी नेहमी मराठीतच बोलतो. झाडाकडं बघून म्हणाला, "झाड भारी हाय तुमचं, खरं लाईनीला लागूलालाय." लाईट का गेली नाही, हे मी त्याला विचारलं. त्यानं सांगितलं ते असं. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर करंट एकदम वाढतो आणि सबस्टेशनवरचा ब्रेकर पडतो. झाड हे काही तांब्याची तार नव्हे. ओलं झालं तरी ते करंट अडवत अडवतच जमिनीत सोडतं. तेवढा थोडा करंट ब्रेकरला कळतच नाही. त्याला वाटतं, चाललंय आपलं, कुणाची तरी मोटार चालू आहे. माणूस मरायला मात्र तेवढा करंट रग्गड होतो.

म्हशीचंही कोडं सुटलं. झाडातून उतरलेली वीज बुंध्याभोवतीच्या जमिनीत पसरते. बुंध्याजवळ विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जास्त, लांब जाईल तसा कमी. पुढचा पाय एका दाबावर, मागचा दुसऱ्या दाबावर, की फरक अंगातून जातो. म्हशीच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड हात तरी अंतर. म्हणून तिला आमच्या आधी कळलं. आपल्या पायांत चप्पल आणि दोन पावलांत वीतभर अंतर, म्हणून आपल्याला कळत नाही. ढांग टाकली की कळतं. अशा जागेवरून निघायचं तर पाय जवळ जवळ ठेवून, घासत घासत. मी आईला ढांगा टाकायला लावून पळवलं होतं. त्यावर पावरमन हसला नाही, नुसता म्हणाला, "देवानं राखलं बघा."

दहाच्या सुमारास ठेकेदाराची टोळी आली. चार पोरं, लांब मेसकाठीला, म्हणजे बांबूच्या काठीला, बांधलेला कोयता, एक कुऱ्हाड. पाऊण तासात त्यांनी फणसाचा शेंडाच उडवला. वरून सपाट, न्हाव्यानं वाटी ठेवून कातरल्यासारखा. फांद्या तिथंच टाकून ती पुढच्या खांबाकडं गेली. पोरांना मी दोष देत नाही. मे महिन्यात दोन महिन्यांचं काम पंधरा दिवसांत उरकायचं असतं, आणि आमच्या भागात तर जूनमध्येही तेच चाललेलं असतं. पण ह्या कापणीनं काय होतं, ते मी आधीच्या चार-पाच वर्षांत बघितलं होतं. शेंडा मारला की झाड घाबरल्यासारखं वाढतं. कापलेल्या जागेखालच्या निजलेल्या डोळ्यांतून पाच-सहा धुमारे फुटतात, सगळे सरळ वर, तारेकडंच. मूळ फांदी वर्षाला हातभर वाढत असेल तर हे धुमारे पुरुषभर. आणि ते खोडात रुतलेले नसतात, सालीवर चिकटवल्यासारखे असतात. पहिल्या वाऱ्यात मोडून तारेवर पडतात. म्हणजे दरवर्षी कापायचं आणि दरवर्षी जास्त लागायचं. मोठ्या बोडक्या जखमेतून पाणी मुरून खोड आतून सडतं ते वेगळंच.

म्हणून त्या पावसाळ्यात ठरवलं, एकदाच काय ते नीट करून घ्यायचं.

दसऱ्यानंतर वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात गेलो. अर्ज कन्नडमधून लागतो. माझं कन्नड बोलण्यापुरतं, लिहायला अक्षरं लागत नाहीत. थोरल्या भावाच्या मुलीनं लिहून दिला, तिला शाळेत कन्नड आहे. तिथल्या माणसानं वाचला आणि सोपा उपाय सांगितला, "झाडच काढून टाका की. आम्ही माणसं देतो."

हा फणस माझ्या आज्यानं लावलेला. वीज आमच्या गल्लीत आली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आणि अकरा केव्हीची तार परड्यावरून गेली ती पुढच्या वाडीच्या पंपांसाठी टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवला तेव्हा. तेव्हा वडिलांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही अडवलं नाही. पाणी येणार ह्याचाच आनंद. कापा फणस आहे, रसाळ बरका नव्हे. सांगायचं म्हणजे, झाड आधीचं, तार नंतरची.

ह्या एका वाक्याला कायद्यात किंमत आहे, हे मला खानापूरच्या कोर्टात काम करणाऱ्या मेहुण्याकडून कळलं. 2003 च्या वीज कायद्याच्या 68 व्या कलमात झाडांचं येतं. तारेला अडथळा करणारं किंवा करू शकेल असं झाड काढायचं, तर वीज कंपनीनं कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, त्यानं हुकूम द्यायचा. आणि झाड तारेच्या आधीपासून उभं असेल तर मालकाला वाजवी नुकसानभरपाई ठरवून द्यायची. झाड म्हणजे नुसतं झाड नव्हे, झुडूप, कुंपण, रान, सगळं त्यात आलं. शिवाय अख्खं झाड पाडायचं म्हटलं की 1976 चा कर्नाटकाचा वृक्ष संरक्षण कायदा आहे. वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नारळासारख्या काही झाडांना तेवढी सूट.

मला भरपाई नको होती. फणसाची किंमत कोण कशी करणार? पण दुसऱ्या खेपेला मी हे सगळं शांतपणे बोललो, आणि "झाड काढा" हा विषय तिथंच संपला. भांडण झालं नाही. उलट तिथल्या तरुण इंजिनिअरनं खुर्ची दिली आणि विचारलं, "मग तुम्हाला नक्की काय पाहिजे?" तोवर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

मला पाहिजे होतं ते एवढंच: शेंडा मारू नका, तारेच्या बाजूच्या फांद्या मुळातून काढा. दिवस सांगून लाईन बंद करा. झाडावर चढणारा माणूस मी आणतो.

जानेवारीत तो इंजिनिअर बघायला आला. तेव्हा एक गोष्ट शिकलो. तार जागच्या जागी नसते. उन्हात तापली, लोड वाढला की ती लांबते आणि खाली झोळते. वाऱ्यात आडवी हलते, आणि खांबापाशी कमी, दोन खांबांच्या मध्यावर सगळ्यात जास्त. आमचा फणस नेमका मध्यावर. म्हणून थंडीतल्या सकाळी बघून "हातभर लांब आहे की" म्हणण्यात अर्थ नाही. मे महिन्यात दुपारी तीन वाजता वळवाचं वारं सुटल्यावर ती तार कुठं असेल ते मनात धरायचं, त्यात झाडाची दोन वर्षांची वाढ मिळवायची, आणि तिथं कापायचं. घराच्या बाबतीत नियमात आकडेच आहेत: अकरा केव्हीची उघडी तार भिंतीपासून आडवी 1.2 मीटर आणि छपरापासून उभी 3.7 मीटर लांब हवी. घर वाढत नाही. झाड वाढतं.

शेजारच्या आण्णांचा विषय त्याच दिवशी निघाला, आणि तो फणसापेक्षा अवघड निघाला. त्यांच्या बांधावर मेसाचं बेट आहे, त्याच तारेखाली. मेस म्हणजे पैसा: मांडवाला, टोमॅटोला, शिडीला, कुणाला ना कुणाला लागतोच. दरवर्षी मे महिन्यात टोळी येऊन त्याचे शेंडे छाटून जायची, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा लाईट लपक-झपक. कारण सोपं आहे, पण कुणी ध्यानात घेत नाही. बाकीची झाडं वर्षानुवर्षं वाढतात, मेसाची काठी एकाच पावसाळ्यात आपली पूर्ण उंची गाठते. जूनला जमिनीत कोंब, गणपतीला तारेत. मे महिन्यात कापलेली काठी ही गेल्या वर्षाची. यंदाची अजून जमिनीखालीच असते. म्हणजे मेसाला मे महिन्यात कोयता लावणं हे औषध रोग्याऐवजी शेजाऱ्याला पाजण्यासारखं.

इंजिनिअर म्हणाला, तारेखालची बाजू मुळासकट काढा. आण्णा उसळले. "आमच्या बाचं बेट हाय हे. तार हलवा म्हणं!" तार हलवायचा खर्च मागणाऱ्यानं भरायचा असतो, हे ऐकल्यावर गप्प झाले. शेवटी तोड आण्णांच्या बायकोनं काढली. म्हणाल्या, "तारेखालचे कोंब मी काढते की, भाजीला." आषाढ-श्रावणात त्या बाजूचे कोंब वीतभर झाले की खुडायचे. काठीच उभी राहिली नाही तर तारेला लागणार काय? कागदावर ह्याची कुठं नोंद नाही, पण त्यानंतरचे दोन पावसाळे ते बेट तारेला लागलेलं नाही, आणि आमच्याकडंही वाटीभर भाजी येते.

फेब्रुवारीतला एक मंगळवार ठरला. मी रजा टाकली. चढणारे मामा कणकुंबीच्या बाजूचे, साठीला आलेले, जन्म झाडावर काढलेला. सकाळी सातलाच येऊन बुंध्याशी बिडी ओढत बसले. मी म्हटलं, चढायचं का? म्हणाले, "एलसी आली काय?" मला हसू आलं. लाईन क्लिअरचा एलसी हा शब्द आमच्याकडं झाडं तोडणाऱ्यांनाही पाठ आहे.

एलसी म्हणजे काय, ते त्या दिवशी जवळून बघितलं. पावरमननं सबस्टेशनला फोन लावला, फीडरचं, म्हणजे तिथून आमच्याकडं येणाऱ्या लाईनीचं, नाव सांगितलं, काम कुठं, किती माणसं, तेही. तिकडच्या ऑपरेटरनं फीडर पाडून नंबर दिला. पावरमननं तो वहीत लिहिला, वेळ लिहिली, आणि पुन्हा वाचून दाखवला. ऑपरेटरच्या रजिस्टरमध्येही तोच नंबर. ज्याच्या नावावर एलसी, त्यानं स्वतः परत केल्याशिवाय लाईन चालू करायची नाही. साहेबानं सांगितलं तरी नाही. माझ्या मशीनच्या कुलुपाची चावी ती हीच.

मला वाटलं, झालं. पावरमन म्हणाला, अजून नाही. टीसीपलीकडच्या खांबावरचा जीओएस, म्हणजे तिन्ही तारा एका दांड्यानं तोडणारा स्विच, तो खाली ओढला. पाती उघडल्याचं डोळ्यांनी बघितलं, दांड्याला कुलूप घातलं. मग लांब फायबरच्या काठीच्या टोकाला असलेला आकडा एकेका तारेवर अडकवला. त्याची वायर जमिनीत ठोकलेल्या सळईला. तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडल्या, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना.

"लाईन तर बंदच आहे, मग दोन्ही बाजूंना कशाला?" मी विचारलं.

त्यानं उत्तर दिलं ते मी अजून कारखान्यात सांगतो. टीसी अकरा हजाराचे चारशे चाळीस करतो. पण त्या यंत्राला कळतं का, वीज कुठल्या बाजूनं आली? गावात कुणाच्या लग्नघरी जनरेटर लावला, मेन स्विच न पाडता वायर घरात जोडली, की तीच वीज उलटी टीसीत शिरते आणि वर चारशे चाळीसचे पुन्हा अकरा हजार होतात. खांबावरचा माणूस मरतो आणि जनरेटरवाल्याला पत्ताही नसतो. तारा जमिनीला जोडलेल्या असल्या तर ती उलटी आलेली वीज जमिनीत जाते. मी मनातल्या मनात गावातली जनरेटर असलेली घरं मोजली. तीन.

हे सगळं करायला पन्नास मिनिटं गेली. कापायला दीड तास.

मामांनी मोठ्या फांदीला आधी दोर बांधला, दोराचा दुसरा वळसा वरच्या बेळक्यातून घेऊन खाली माझ्या हातात दिला. मग खोडापासून हातभर लांब, फांदीच्या खालून थोडी करवत चालवली. मग त्याच्या बोटभर पुढं वरून. फांदी कडकन मोडली, दोरावर लोंबकळली, आणि तारेच्या विरुद्ध बाजूला मी ती हळूहळू सोडली. खालचा तो पहिला काप नसता तर फांदी पडताना खोडाची साल हातभर फाडत गेली असती. उरलेलं खुंट शेवटी काढलं, तेही खोडाला चाटून नाही. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं सालीची सुरकुतलेली फुगीर वळी असते, ती तशीच ठेवून तिच्या लगेच बाहेर. मामा म्हणाले, "तेच त्याचं मलम हाय." त्याच वळीतून साल पुढं सरकते आणि जखम झाकते.

चीक बदाबदा गळत होता. दर चार ओढींनी करवत चिकटायची; मामांनी खोबरेल तेलाची बाटली कमरेला बांधून आणली होती, पातं पुसायचं, तेल लावायचं, पुन्हा ओढायचं. माझ्या हाताचे केस त्या दिवशीच्या दोरावर गेले.

एकूण चार फांद्या काढल्या, चारही तारेच्या अंगाच्या. शेंड्याला हात लावला नाही. झाड एका बाजूनं खिडकी पाडल्यासारखं दिसायला लागलं. वाकडं म्हणायचं तर वाकडं. आई बघून म्हणाली, "डोक्यावर पदर घेतल्यासारखं दिसूलालाय." फळाची मला काळजी नव्हती, कारण फणस लागतो तो खोडावर आणि जाड फांद्यांवर, शेंड्याला नव्हे. खोडावर कुयऱ्या धरलेल्या होत्या, मामांनी एकही पाडली नाही. आंबा असता तर तारेच्या बाजूचा माल गेला असता.

जाता जाता पावरमननं खांबाच्या ताणाच्या तारेवर चढलेली गुळवेल दाखवली. हिरवी, गुबगुबीत, ताण्यातलं चिनी मातीचं अंडं ओलांडून वर गेलेली. ते अंडं वीज खाली येऊ नये म्हणून असतं. वेल त्याला वळसा घालून वीज खाली आणते. मी लगेच ओढायला हात पुढं केला. लाईन बंद होती तरी त्यानं माझा हात धरला. "आज चालतंय. खरं सवय लावून घेऊ नका." वेल त्यानं बुडाशी तोडली आणि वरची तशीच वाळायला सोडली.

सगळी माणसं खाली आली, मोजली. आकडे काढले, जीओएस वर केला, फोन केला, नंबर परत वाचला, वेळ लिहिली. दुपारी साडेबाराला गावात पंखे फिरले.

त्यानंतर 2023 आणि 2024 च्या पावसाळ्यात फणस तारेला लागला नाही. कापलेल्या वळ्या आता जवळजवळ मिटत आल्यात. दोन-चार धुमारे येतात तारेच्या बाजूला, ते अंगठ्याएवढे असतानाच मी पावसाळ्याआधी खालून मोडतो, हात पोचतो तेवढेच. वरचे टोळीसाठी ठेवतो.

टोळी दर मे महिन्यात येतेच. गेल्या खेपेला मी कामावर होतो. पोरं नवी, बैलहोंगलकडची, मराठी कळत नव्हतं. एकानं मेसकाठी शेंड्याकडं नेली तशी आई परड्यात आडवी उभी राहिली. आईचं कन्नड म्हणजे खानापूरच्या बाजारात मिरची घासाघीस करण्यापुरतं. तेवढं पुरलं. "आ कडे ब्याड्री," वर हात करून म्हणाली, आणि मग तारेच्या बाजूला बोट दाखवून, "ई कडे अष्ट." म्हणजे तिकडं नको, इकडंच फक्त.

त्यांनी आधी पावरमनला फोन लावून लाईन बंद केली का, असं मी संध्याकाळी विचारलं. आई म्हणाली, ते मी आधीच विचारलं. त्यांनी दोन धुमारे काढले, त्याच झाडाखाली भाकऱ्या सोडल्या, आणि जाताना पिकायला आलेला एक फणस मागून नेला.